गतधूम अग्नी आणि आपल्या घरची भट्टी

‘चुलीवरचे जेवण’ असा फलक लावणाऱ्या खाणावळी महामार्गांवर पुष्कळ झाल्या. आता ‘लाकडाच्या मंदाग्नीवर सिद्ध’ अशी अक्षरे तेला-तुपांच्या बाटल्यांवरही दिसू लागली आहेत. या अक्षरांना आमचा विरोध नाही. स्वतःच्या रुग्णांसाठी घरीच औषधे सिद्ध करणारे अनेक वैद्य आजही परसातील चुलीवर वा विटांच्या भट्टीवर स्नेहपाक करतात, आम्हीही करतो. परंतु ती भट्टी कशी बांधली आहे, तीत कोणते लाकूड जळते आणि तिचा धूर कोणाच्या उरात जातो, हे प्रश्न आपल्या बैठकांत क्वचितच निघतात. कल्काची वर्ती वळून आपण पाकाची परीक्षा करतो. अग्नीची परीक्षा मात्र राहून जाते.

घरातील काष्ठाग्नी कसा असावा, याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात जेंताक स्वेदाचे वर्णन आहे. गोलाकार, मातीने लिंपलेले कूटागार. त्याच्या मध्यभागी पुरुषभर उंचीचा, बारीक छिद्रांचा, झाकण असलेला मातीचा अंगारकोष्ठक. त्यात खैराची किंवा अश्वकर्णाची लाकडे भरून पेटवावयाची. ती नीट जळून त्यांचा धूर गेला, म्हणजे मगच रुग्णाने आत प्रवेश करावयाचा. येथे दोन अटी आहेत, आणि त्या एकत्र वाचावयास हव्यात. अग्नी गतधूम हवा आणि ते कूटागार अनेक वातायनांचे हवे. पुढच्याच अध्यायात आतुरालयाचे वर्णन करताना ते निवात परंतु एका बाजूने वारा खेळणारे आणि धूर, ऊन, पाणी व धूळ यांना अगम्य असावे, असे सांगितले आहे. आपण पहिली अट कशीबशी पाळतो, दुसरी विसरतो.

आमची चूक प्रथम सांगतो. आमच्या भट्टीवर तेल ढवळणारे एक वयस्क सहकारी आहेत. त्यांना आम्ही सर्व जण मामा म्हणतो. त्यांचा खोकला आम्ही कित्येक वर्षे कफप्रकृतीच्या खाती टाकला. सितोपलादी दिले, वासावलेह दिला, दही वर्ज्य करावयास लावले. हिक्का-श्वासाच्या हेतूंमध्ये चरकाचार्यांनी धूळ व धूर स्पष्ट गणले आहेत, हे विद्यार्थ्यांना शिकवीत असतानाही, ज्या माणसाचा दिवस आमच्याच धुरात जातो त्याचे निदानपरिवर्जन आम्हांस सुचले नाही. सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात, धूमोपहताची लक्षणे आहेत. जोराने श्वास घेणे, शिंका, खोकला, डोळ्यांची आग व लाली, गंधज्ञानाचा नाश, तृष्णा, ज्वर. भट्टीजवळ एक दिवस स्वतः बसल्यावर यांतील चार लक्षणे आम्हांस संध्याकाळपर्यंत झाली.

धूर का होतो? लाकूड ओले असते आणि अग्नीला वारा मिळत नाही, ही दोन कारणे मुख्य. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पाण्याचा असू शकतो. म्हणजे १० किलो सरपणात ४ ते ५ लिटर पाणी. एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. ती औषधाला मिळत नाही, उलट ज्वाला थंड होऊन अर्धवट जळलेले वायू व काजळी बाहेर पडते. पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आणणे हे साधे लक्ष्य ठेवावे. इंग्लंडमध्ये घरगुती शेकोटीसाठी थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडाला मे २०२१ पासून कायद्यानेच ही मर्यादा घातली गेली. आपल्याकडे लाकूड फोडून, खाली दगड वा फळ्या घालून, बाजू मोकळ्या ठेवून छपराखाली रचावे व त्यावरून एक संपूर्ण उन्हाळा जाऊ द्यावा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज यावा. जळताना टोकाशी फेस व चुरचुर नसावी.

काष्ठाची निवड करताना आम्ही बाभळीला पहिली पसंती देतो. कठीण, सहज मिळणारी आणि चांगले निखारे धरणारी. खैर ग्रंथोक्त खरा, परंतु खैर, ऐन, किंजळ, एवढेच काय आपला हिरडादेखील, महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहे; विनापरवाना तोडीचा माल भट्टीत येऊ देऊ नये. बिब्बा, कण्हेर, शेर यांचे लाकूड कदापि जाळू नये, हे वैद्यांना सांगणे नलगे. पण सरपण आणणाऱ्याला ते सांगितलेले असते काय? रंगविलेल्या फळ्या व प्लायवूडचे तुकडे जुन्या फर्निचरबरोबर सहज भट्टीत येतात. तेही बाहेर ठेवावेत.

आता मंदाग्नीविषयी, कारण सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. मृदु अग्नी हवा म्हणून जाड ओंडका घालून, तोंड बंद करून तो धुमसत ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. हा मृदु अग्नी नव्हे, गुदमरलेला अग्नी आहे, आणि सर्वाधिक धूर त्याचाच होतो. बारीक फोडलेल्या दोन-तीन ढलप्या, खालून जाळीतून येणारा वारा, लहान पण उजळ ज्वाला, आणि आच कमी करावयाची तर एक ढलपी मागे ओढणे, अशी ही पद्धत आहे. हिला माणूस जवळ बसावा लागतो, हे खरे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी गॅसची शेगडी वापरावी. ग्रंथाने विशिष्ट काष्ठ सांगितले असेल तेथे ते पाळावे. जेथे केवळ मृदु अग्नीच सांगितला आहे, तेथे गॅसवर केलेला पाक हीन ठरविण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. उलट शार्ङ्गधरोक्त विधीने काढा उघड्या तोंडाच्या भांड्यात आटवावयाचा असल्यामुळे धुरकट भट्टीवर तो सारा वेळ धूर पीत राहतो. तूप तर गंध चटकन धरते. रुग्ण ‘काढ्याला जळका वास येतो’ म्हणतो तेव्हा आपण त्यास औषधाचा स्वभाव म्हणून समजावितो!

धुराडे सरळ असावे, वळणे कमी, छपराच्या कण्यापेक्षा दोन-तीन फूट वर गेलेले, माथ्यावर पावसाची टोपी. आपल्या देशात १९८० च्या दशकात शासनाने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातील कितीतरी चुली पुढे निरुपयोगी झाल्या. बांधल्या गेल्या, पण धुराडी साफ झाली नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण होते. आतील काजळीचा थर दोन-तीन मिलिमीटरचा झाला की दोरीला बांधलेल्या ब्रशाने तो काढावा. साठलेली काजळी स्वतःच पेट घेऊ शकते. भेगा मातीने लिंपाव्यात. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात दोन दिवस राहू द्यावी, कारण आतील इंगळ लवकर विझत नाही.

धूर दिसत नाही म्हणजे भय संपले, असेही नव्हे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो; त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो घेतो. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून, वारा लागू नये म्हणून खिडक्या कापडांनी बंद करण्याची चाल अजून अनेक घरी आहे. तेथे तिचे डोके दुखले, चक्कर आली, मळमळले, तर आपण सूतिकेचा वात म्हणून दशमूलाकडे वळतो. अशा वेळी प्रथम खिडकी उघडावी, माय-लेकरांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे, शेगडी काढावी आणि रुग्णालयात न्यावे. शेक द्यावयाचा असल्यास निखारे बाहेर फुलवून, एक खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळच द्यावा, आणि झोपेच्या वेळी शेगडी खोलीत ठेवूच नये. निवात खोलीला वाऱ्यासाठी एक बाजू हवीच, असे जे आचार्यांनी सांगितले, ते याच कामी येते.

औषधनिर्मितीच्या शेड्यूल ‘टी’मध्ये भट्टीच्या विभागास पत्र्याचे छप्पर चालते, पण योग्य वायुवीजन आवश्यक धरले आहे. केवळ आपल्या रुग्णांना देण्यासाठी औषधे करणाऱ्या वैद्यांस मात्र या नियमांतून सूट आहे. म्हणजे परवानाधारक फार्मसीत निरीक्षक येतो. आमच्या परसात कोणी येत नाही.

आम्ही गेल्या हिवाळ्यात जुनी भट्टी मोडून जाळी व धुराडे असलेली नवी बांधली. सरपण पूर्वीपेक्षा कमी लागते. मामांचा खोकला कमी झाला आहे, गेलेला नाही. आता ते आळीपाळीने भट्टीवर बसतात. ज्या सभासदांनी आपापल्या भट्ट्यांत असे फेरफार केले आहेत त्यांनी मापांसह आराखडे पाठवावेत. पुढील अंकात त्यांना जागा देऊ.