आधी बोट दाखवणाऱ्याला रोखा

जादूटोणाविरोधी कायदा होऊन महाराष्ट्रात एक तप उलटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच, वर्षानुवर्षे रखडलेल्या विधेयकाचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात त्याचा कायदा झाला. अध्यादेशाखालचा पहिला गुन्हा नोंदला गेला तो हिंगोलीला लागून असलेल्या नांदेडात, एड्स-कर्करोग बरा करण्याची हमी देणाऱ्यांवर. तरीही मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत घरातल्या कुणाचे दुखणे लांबले, नव्या सुनेने खाणे-पिणे टाकले, दुभती म्हैस अचानक आटली, की 'बाहेरचं काही आहे का, बघून घ्या' असे कुणीतरी म्हणतेच. मग माणूस जाणत्याकडे जातो. या जाणत्याकडे दोन वेगळी कामे एकत्र चालतात, आणि आपल्या चर्चेत ती कधी वेगळी काढली जात नाहीत. एक काम दुखणे उतरवण्याचे. दुसरे काम ते दुखणे कुणी 'केले' हे सांगण्याचे. पहिल्या कामाशी समाजाने आणि आरोग्यखात्याने धीराने वागावे, दुसऱ्या कामाशी कायद्याने अजिबात धीर धरू नये, असे माझे ठाम मत आहे. आज आपण उलटे करतो. झाडपाल्याची टिंगल करतो आणि नाव घेणाऱ्याला 'गावातले प्रकरण गावात मिटवा' म्हणून सोडून देतो.

जाणत्याचे उपचार लोकांना पटतात यात लोकांचा मूर्खपणा नाही. काविळीचेच पाहा. रोग्याच्या हाताला झाडाच्या सालीचा अर्क चोळतात, चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळे होते. कावीळ 'उतरलेली' साऱ्या घराला डोळ्यांनी दिसते. ज्या हिंगोली जिल्ह्यात वसमतची हळद बाजार गाजवते, तिथल्या कोणत्याही शाळकरी मुलाला हळदीत चुना पडला की रंग पालटतो हे माहीत आहे. सालीचा अर्क आणि चुना यांचा खेळ त्याच जातीचा आहे. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होईल. दुसरा प्रकार माळेचा. पुनर्नवेच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवतात आणि ती माळ डोक्यावर ठेवतात. काड्या वाळतात, आक्रसतात, गाठी सैल पडतात आणि माळ दिवसागणिक लांबत गळ्यावरून पोटाकडे उतरते. इकडे दूषित पाण्यातून आलेली हेपॅटायटिस ए ची साधी कावीळ बहुतेकांच्या अंगातून काही आठवड्यांत आपसूक जाते. माळ उतरली, कावीळही उतरली; श्रेय माळेला मिळाले. घात होतो तो उरलेल्या थोड्यांचा. हेपॅटायटिस ई झालेल्या, शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईच्या बाबतीत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तिच्यासाठी माळ उतरायची वाट पाहणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे.

सापाचेही तसेच. आपल्याकडे आढळणारे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या प्रत्येक चाव्यात विष अंगात जातेच असे नाही. त्यामुळे मंत्राने 'उतरलेल्या' विषाची यादी प्रत्येक गावात मोठी असते, आणि जे दगावले ते 'उशिरा आणले' या खात्यात जमा होतात. देशात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे; केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. विंचवाच्या बाबतीत हे काम आपल्याच मराठवाड्याच्या मुलाने करून दाखवले आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडच्या परिसरात प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या रोग्यांपैकी शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत. प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ते प्रमाण एक टक्क्याच्या घरात आले. १९८२ पासून 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे हे काम छापून येऊ लागले. गावातला डॉक्टर रात्रभर खाटेजवळ बसला आणि रोगी वाचला, हे लोकांनी पाहिले. त्यानंतर त्यांना दवाखान्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

इथवरचा भाग आरोग्याचा. पण दुखणे उतरले नाही की जाणत्याची पत पणाला लागते, आणि अपयशाचे खापर फोडायला दुसरे डोके शोधले जाते. 'करणी भारी आहे, जवळच्याच माणसाची आहे, बाई आहे, घर तुमच्या घराच्या उगवतीला आहे.' एवढे सांगितले की नाव घेण्याची गरज उरत नाही. बांधावरून भांडण असलेली भावकी, मूलबाळ नसलेली विधवा, वस्तीच्या कडेला राहणारे दलित कुटुंब, यांपैकी कुणाकडे तरी नजर वळते. सातपुड्यात नंदुरबारच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवतात, तिथेही हीच वाट असते. आजारी माणसाचे घर आधीच पैशाने आणि काळजीने पोखरलेले असते. त्याला शत्रू दाखवला की दुःखाला दिशा मिळते, आणि ही दिशा बहुधा ज्याच्यामागे कुणी नाही त्याच्या दाराकडे जाते.

मराठवाड्याची ओळख बनलेली भानामती याच जोडणीतून समजते. अंगावर फुल्या उमटतात, वाळत घातलेले लुगडे पेटते, घरावर दगड पडतात, बाई कुत्र्यासारखी भुंकते, मांजरासारखी ओरडते. यातल्या फुल्यांचे इंगित बहुतेक वेळा बिब्ब्यात असते. बिब्ब्याच्या फळाच्या टरफलातला काळा, चिकट रस कातडीला लागला की लगेच काही दिसत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, जागा लाल होते, फोड येतो आणि काळा डाग राहतो. रात्री काडीने ओढलेली फुली सकाळी 'आपोआप' उमटते ती अशी. ही काडी ओढणारा हात बहुधा त्या घरातलाच असतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी कितीतरी घरे पालथी घातली आणि एक शहाणा नियम पाळला: ज्याच्या हातून हे होते त्याच्याशी एकांतात बोलायचे, त्याचे नाव चारचौघांत फोडायचे नाही. कारण बहुतेकदा ती एखादी कोंडलेली सून किंवा धास्तावलेली मुलगी असते, जिला मनातले बोलायला दुसरी जागा उरलेली नसते. भुंकणाऱ्या बाईचेही तेच. ती नाटक करते असे म्हणून तिला फटकारणे आणि तिच्या अंगात कुणी आहे असे म्हणून तिला मारणे, दोन्हींत तिचे ऐकणारा कुणीच नसतो.

हे दुखणे फक्त आपल्या मातीतले नाही. रशियाच्या खेड्यांत 'क्लिकुशा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका होत्या. चर्चमध्ये प्रार्थना रंगात आली की त्या जमिनीवर कोसळत, भुंकत, पक्ष्यांसारख्या ओरडत आणि त्याच भरात आपल्यावर कुणी करणी केली त्याचे नाव पुकारत. झार पीटर याने १७१५ मध्ये फर्मान काढले, अशा बायकांना पकडा आणि चौकशी करा. म्हणजे कायदा झाला, पण तो पीडितेलाच ढोंगी धरणारा झाला. या फर्मानानंतर १६४ वर्षांनी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, नोव्हगोरोद प्रांतातल्या व्राचेवो गावात अग्राफेना इग्नात्येवा या गरीब विधवेला गावकऱ्यांनी तिच्याच झोपडीत कोंडून, दारे-खिडक्या ठोकून जिवंत जाळले. गावातल्या काही बायकांना झटके येत होते आणि त्या झटक्यांत तिचे नाव घेतले गेले होते. सतरा जणांवर खटला चालला. तिघांना चर्चमध्ये प्रायश्चित्ताची शिक्षा झाली, बाकीचे सुटले. वीस वर्षांनी स्मोलेन्स्क प्रांतातल्या एका गावात पुन्हा अशी साथ उठली, तेव्हा निकोलाय क्राइन्स्की हा मनोविकारतज्ज्ञ तिथे गेला. त्याने त्या बायकांना तपासले, त्यांचे ऐकून घेतले आणि हे ढोंग नाही, आजार आहे असे १९०० साली पुस्तकातून मांडले. मधल्या काळात, १८६४ नंतर, 'झेम्स्त्वो' या स्थानिक स्वराज्य संस्थांनी गावोगाव डॉक्टर पाठवायला सुरुवात केली होती. लोकांनी जडीबुटीवाल्याला एका दिवसात सोडले नाही. दोन्हीकडे जात राहिले. पण झटक्यांना करणीखेरीज दुसरे कारण असू शकते, हे सांगणारा माणूस त्यांच्या वाटेवर आला. पीटरच्या फर्मानातून अशा माणसाची सोय झाली नव्हती.

कायद्याने धीर धरू नये या माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप श्रद्धेचा येतो: तुम्ही देवधर्मावर घाला घालता. हा आक्षेप कायदा न वाचता घेतला जातो. वारी, प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन, संतांच्या चमत्कारांचे कथन, पारंपरिक विद्यांचे शिक्षण, हे सारे कायद्यानेच स्पष्ट शब्दांत वगळले आहे. नामदेवांच्या नरसीत आणि औंढ्याच्या नागनाथाच्या दारात या कायद्याने कुणाच्याही भक्तीला धक्का लागत नाही. शिक्षेला पात्र आहे ते भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे. साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे. आणि एखादी व्यक्ती करणी करते, भानामती करते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे. सहा महिने ते सात वर्षे कैद, पाच ते पन्नास हजार दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मला मान्य आहे: जाणत्याला हटवून तिथे आणणार कुणाला? तो रात्री-अपरात्री दार उघडतो, घरातल्या बोलीत बोलतो, तासभर ऐकतो. दवाखान्यात दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये. मराठवाड्याच्या वाट्याला इतकी वर्षे एकही आले नाही, जालन्याची मंजुरी अगदी अलीकडची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. असे असताना खेड्यातल्या बाईला 'मांत्रिकाकडे जाऊ नको' एवढेच सांगणे हा उपदेश झाला, सोय नाही. म्हणूनच जाणत्याला सरसकट गुन्हेगार धरण्यापेक्षा त्याला रोगी पुढे पाठवायला लावणे शहाणपणाचे. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' हा उपक्रम चालतो. मुजावर दुआ करतात आणि रोग्याला तिथल्याच मनोविकारतज्ज्ञाकडे धाडतात. मेळघाटात भूमकांना, म्हणजे तिथल्या जाणत्यांना, कुपोषित, आजारी मुले आरोग्य केंद्रात आणण्यासाठी जोडून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण अट एकच, आणि तिच्यात सूट नको: जो नाव घेतो, बांधतो, चटके देतो, त्याच्याशी सहकार्य नाही. मेळघाटातच लहानग्यांच्या पोटाला तापल्या सळईचे डागणे अजून पुरते थांबलेले नाही. त्याला परंपरा म्हणून कुणी पाठीशी घालू नये.

'शिक्षण वाढेल तसे हे आपोआप जाईल' असेही म्हणतात. तसे होताना दिसत नाही. पदवीधरही दुकानाच्या दारात लिंबू-मिरची टांगतात, आणि तेवढ्याने कुणाचे बिघडत नाही. पण तेच घर संकटात आले आणि कुणी शेजारणीचे नाव घेतले तर शिकलेला मुलगाही गप्प बसतो. शिक्षणाने माहिती मिळते. गावाविरुद्ध उभे राहायचे बळ मात्र कायद्याने द्यावे लागते. ते देण्यासाठीच कायद्यात दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. हिंगोलीतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्या अधिकाऱ्याचा हुद्दा आणि दूरध्वनी क्रमांक ठळक लिहिला गेला पाहिजे, आणि 'गावात मिटवा' म्हणणाऱ्या ठाणेदाराला त्याचा जाब विचारला गेला पाहिजे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्याच्या मनोविकार विभागाने जिल्हा रुग्णालयात रोग्यांची वाट पाहत बसू नये. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे जाऊन बसावे, आशाताईंना झटके, उदासी आणि बाळंतपणानंतरचे आजार ओळखायला शिकवावे. तोपर्यंत वाचकांच्या हाती दोन गोष्टी आहेत. तुमच्या गावात करणीच्या नावाने कुणावर बोट रोखले गेले तर त्याच दिवशी ११२ वर कळवा; दोन दिवस थांबून पाहू नका. आणि घरात कुणाचे वागणे अचानक पालटले तर जाणत्याकडे जायच्या आधी १४४१६ हा क्रमांक लावा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.