हात गेला, असें म्हणण्यापूर्वीं

गेल्या आषाढांत आमचे थोरले चुलतबंधू सकाळीं पूजेस बसले असतां त्यांच्या उजव्या हातांतील पळी गळून पडली आणि पाठोपाठ तेही कलंडले. मुलांनीं तासाभरांत रुग्णालय गांठलें, मेंदूचें चित्र निघालें, रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध वेळेवर मिळालें, जीव वांचला. तिसऱ्या दिवशीं मी भेटीस गेलों. उजवा हात चादरीवर लाकडासारखा पडलेला. दाराशीं उभ्या असलेल्या वहिनींना मी हलक्या आवाजांत म्हणालों, "वहिनी, दादांचा हात गेला असेंच समजावयाचें." पण चाळीस वर्षें वर्गांत शिकविलेल्या माणसाचा हलका आवाज तो! दादांना बोलतां येत नव्हतें, ऐकूं मात्र येत होतें. त्यांनीं तोंड भिंतीकडे वळविलें.

चौथ्या दिवशीं तेथील डॉक्टरबाई एक लहानसें यंत्र घेऊन आल्या. स्नायूंची विद्युत्परीक्षा करावयाची आहे, हें ऐकतांच वहिनी घाबरल्या. विजेचा झटका देतात कीं काय, अशी त्यांना शंका. वाचकांपैकीं अनेकांस ती येईल, म्हणून सांगतों: ह्या परीक्षेंत यंत्र वीज देत नाहीं, केवळ ऐकतें. कोपराखालीं दोन चकत्या चिकटविल्या, तिसरी हाडावर. "आजोबा, बोटें उघडायचा प्रयत्न करा." बोट तसूभरही हाललें नाहीं. परंतु फोडणींत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज यंत्रांतून आला आणि पडद्यावरील सरळ रेघ थरथरली. "आतां सैल सोडा." आवाज थांबला. पुन्हां "उघडा", पुन्हां तडतड. वहिनींनीं पदर डोळ्यांस लावला. मी खिडकीबाहेर पाहूं लागलों.

स्नायु आखडण्यापूर्वीं त्याच्या तंतूंवरून विजेची सूक्ष्म लहर धांवते. त्वचेवर मोजली तर ती बहुधा व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आंतबाहेर भरते. निरोगी स्नायु पूर्ण विसांव्यांत असला म्हणजे यंत्र मुकें राहतें. १९२९ मध्यें एड्रियन व ब्राँक ह्या शास्त्रज्ञांनीं पोकळ सुईंत तार बसवून ह्या लहरी टिपल्या व ध्वनिवर्धकावर ऐकल्या. तेव्हांपासून ह्या परीक्षेंत वैद्य डोळ्यांइतकाच कानांवरही विसंबतो.

पक्षाघात हा शब्द सुश्रुतसंहितेइतका जुना. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू. परंतु घाव त्या बाजूस नसून मेंदूंत, आणि बहुधा विरुद्ध अर्ध्या भागांत असतो. मामलेदार कचेरी जळाली म्हणून गांवचा कोतवाल मरत नाहीं. त्याला हुकूम पोंचत नाहीं, इतकेंच. पाठीच्या कण्यापासून स्नायूपर्यंतचा मज्जातंतु येथें धड असतो, स्नायुही धड असतो. दादांच्या हाताला वरून हुकूम येत होता, इतका क्षीण कीं बोट हालेना, पण येत होता. डोळ्यांना जें दिसलें नाहीं तें यंत्रानें सांगितलें.

मात्र ह्या परीक्षेचा भलता डांगोरा नको. पहिले तास मेंदू वांचविण्याचे. तेव्हां असल्या यंत्रामागें धांवणें म्हणजे घर पेटलें असतां हिशेबाच्या वह्या चाळणें. स्नायूंत सुई घालून करावयाची परीक्षा तर आरंभीं फारसें सांगत नाहीं, कारण मज्जातंतूची स्वतःची इजा असली तरी तिच्या खुणा स्नायूंत उमटावयास दोन-तीन आठवडे लागतात. शिवाय तडतड ऐकूं आली म्हणजे हात परतलाच, असेंही नव्हे.

मग आरंभीं कळण्याजोगें काय असतें? नेदरलंडमधील संशोधकांनीं २०१० मध्यें जें प्रसिद्ध केलें त्यास यंत्रही लागत नाहीं. पहिल्या ७२ तासांत ज्यांना खांदा बाजूस उचलणें व बोटें उघडणें थोडें तरी साधलें, त्यांपैकीं शेंकडा ९८ जणांच्या हातांत सहा महिन्यांनीं कांहीं तरी कौशल्य परतण्याचा संभव. ज्यांना साधलें नाहीं त्यांत शेंकडा २५. ही दुसरी संख्या मीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविली आहे. निपचित पडलेल्या चार हातांपैकीं एक कांहीं तरी करूं लागतो, आणि मीं तर तिसऱ्या दिवशींच निकाल लावला होता!

तो एक कोणता, हें शोधण्यास विद्युत्परीक्षेचा खरा उपयोग. इंग्लंडांत शेफील्ड येथें १९८५ मध्यें बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डोक्यावर वेटोळें धरून चुंबकाच्या क्षणिक ठोक्यानें मेंदू चेतविला आणि हाताच्या स्नायूंत उमटलेली लहर टिपली. न्यूझीलंडांत ऑक्लंडच्या कॅथी स्टिनिअर ह्यांच्या पद्धतींत (२०१२, सुधारून २०१७) तिसऱ्या दिवशीं खांदा व बोटें मिळून दहापैकीं गुण देतात, पांचांहून कमी पडले तर आठवड्याच्या आंत चुंबकाची परीक्षा. हाताच्या स्नायूंत लहर उमटली तर मार्ग शाबूत आहे, आणि हाताच्या व्यायामाचे श्रम फळण्याची आशा बरीच. न उमटली तर मात्र अपेक्षा बेतानें ठेवावी लागते. अर्थात् ही सोय सर्वत्र नाहीं. डोक्यांत धातूचा तुकडा, हृदयाचें यंत्र किंवा फेपरें असल्यास ती डॉक्टरांच्या विचारानेंच.

दादांची चुंबकाची परीक्षा झाली नाहीं. तेथें तें यंत्र नव्हतें. कार्तिकांत त्यांनीं उजव्या हातानें पळी उचलली. अर्धें पाणी ताम्हनांत सांडलें. सदऱ्याची बटणें अजून वहिनीच लावितात. माझ्याशीं ते आतां बोलतात, थोडें अडखळत. त्या दिवसाविषयीं मात्र आम्हां दोघांत अद्याप अक्षर निघालेलें नाहीं.