घोट्यापर्यंत पाणी

आमची धाकटी बहीण पैठणला दिली आहे आणि आम्ही नाशिककर. एकाच गोदावरीवर आमची दोन घरं. एक गंगापूर धरणाचं पाणी पिणारं, दुसरं जायकवाडीच्या पातळीकडे डोळे लावून बसणारं. पाऊस चांगला झाला की दोन्हीकडे ईदचा आनंद. कमी झाला की ऑक्टोबरात फोनवरची बोलणी आखडती होतात.

२०२३ हे असंच कमी पावसाचं वर्ष. ऑक्टोबरच्या अखेरीस वरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी पाणी जायकवाडीत सोडण्याचा आदेश निघाला आणि नाशिक-नगर भागात विरोध सुरू झाला. आमच्याही दारात एक निवेदन आलं : नाशिकचं पाणी नाशिकलाच. आम्ही सहीसाठी पेन उचललं. बहिणीची मुलगी तेव्हा आमच्याकडे राहून वकिलीचं शिक्षण घेत होती. ती शांतपणे म्हणाली, "मामू, सही खुशाल करा. पण त्याआधी कायदा एकदा वाचाल का?"

त्या रात्री जेवणानंतर दस्तरखान आवरून तिने तो कायदा आम्हाला समजावला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम १२ मध्ये एक साधी गोष्ट सांगितली आहे : एका उपखोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी असली पाहिजे. वरचं धरण काठोकाठ आणि खालचं कोरडं, हे कायद्याला मान्य नाही. या तत्त्वाचा हिशेब मांडण्यासाठी मेंढेगिरी समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने आदेश दिला की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल, तर वरून पाणी सोडावं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथेही सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचं हे तत्त्व कायम राहिलं.

आम्ही म्हटलं, "पण वाटेत किती पाणी मुरतं! आमच्या द्राक्षबागांचं काय? त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात, त्याचं काय?"

तिने मान हलवली. "हे सगळं खरं आहे, मामू, आणि हेच नाशिकच्या वकिलाने मांडायचं असतं. किती मुरतं, किती बाष्प होऊन जातं, पिण्यासाठी किती राखायचं, खरीप किती होता, या आकड्यांवर भांडता येतं. पाणी सोडताना कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या का, काठावरच्या मोटारींची वीज बंद केली का, हे विचारता येतं. पण खालच्याचा हक्कच नाही, असं म्हणता येत नाही."

मग आम्हाला मदीनेचा प्रसंग आठवला. हर्रा भागातल्या पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि त्यांचे एक अन्सारी शेजारी यांच्यात वाद झाला. जुबैर यांचं शेत वरच्या अंगाला होतं. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी नरमाईचा तोडगा काढला : जुबैर यांनी आपली झाडं भिजवावीत आणि पाणी शेजाऱ्याकडे सोडावं. जुबैर हे नात्यातले म्हणून असा निकाल दिला, असा आरोप शेजाऱ्याने केला. तेव्हा प्रेषितांनी जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क दिला. पण त्या पूर्ण हक्कालाही एक हद्द होती. महजूर नावाच्या ओढ्याच्या बाबतीत तर मापच ठरवून दिलं गेलं : वरच्याने घोट्यापर्यंत पाणी अडवावं, मग खालच्यासाठी सोडावं.

वरच्याचा हक्क पहिला, पण तो घोट्यापर्यंतच. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या निवाड्यात वरच्यालाही न्याय आहे आणि खालच्यालाही. आजचा कायदा घोट्याऐवजी टक्केवारीने मोजतो, एवढाच फरक.

भाची आता सनद घेऊन याच क्षेत्रात काम करू पाहते. घरच्यांची काळजी वेगळीच. "फौजदारी, दिवाणी ठीक आहे. पाण्याच्या वकिलीत पोट भरेल का? आणि मुलीच्या जातीने धरणं, कारखाने हिंडायचे?" पोट भरण्याचं आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. पण कामाला तोटा नाही. पाणीवापर संस्थांना सल्ला लागतो, कारखान्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, सांडपाण्याने नासलेल्या विहिरीच्या मालकाला पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापुढे उभं राहायचं असतं. कारखान्याला कायदा पाळायला मदत करणं हीही हलाल कमाईच आहे. कायदा चुकवायला मदत करणं मात्र नाही. ही रेघ ज्याला दिसते, त्याने या वकिलीत जरूर यावं. मग तो मुलगा असो की मुलगी.

२०१३ च्या दुष्काळात बहिणीच्या घरची मोसंबीची बाग वाळली. झाडं तोडून सरपण केलं, तेव्हा भाची शाळेत होती. त्या झाडांविषयी ती फारशी बोलत नाही. तिने पाण्याचाच कायदा का निवडला, ते आम्ही तिला कधी विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही.

त्या निवेदनावर आम्ही सही केली नाही. त्याऐवजी मोहल्ल्यातल्या चार जाणत्यांना बसवून भाचीकडून तो आदेश समजून घेतला. दोघांना पटला, दोघांना नाही. वाद अजून चालू आहे आणि चालू राहावा. पण आता वाद घालताना हातात आकडे असतात, हे काय कमी आहे?

या महिन्यात घरात बसून हा प्रश्न एकमेकांना जरूर विचारा. धरण दूर राहू द्या. वजूचा नळ, इमारतीची टाकी, सामाईक बोअरवेल, यांत आपण वरचे आहोत की खालचे? आणि वरचे असू, तर आपलं पाणी घोट्यापर्यंत आहे की त्याच्याही वर गेलं आहे?