उसाची वाहने आणि संपलेला फिटनेस

गाळप सुरू झाले की सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडीकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. "ट्रॅक्टरला कसला आलाय फिटनेस?" असे मालक म्हणतात. हे अर्धेच खरे. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर नियमाने बिगर-परिवहन वाहन आहे. पण भाड्याने माल ओढू लागला की गोष्ट बदलते. ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी मालवाहू वाहन ठरते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल आहे. ट्रकचा तर प्रश्नच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस संपलेल्या मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी तपासणी करावी लागते. पहिल्या वेळचा दंड २ ते ५ हजार.

दंडाचे एक वेळ सोडा. रात्री ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि मोटारसायकलवाला मागून धडकतो. दावा लागला की विमा कंपनी फिटनेसच्या कागदावर बोट ठेवते. कंपनीने भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, असे निकाल झालेले आहेत. वसुली अंगावर आली की जमीन विकायची पाळी येते.

तपासणीही नावापुरती नको. ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचा पट्टा हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली परिवहन खात्याला बजावले होते.

आमच्या मते कारखान्यांनी तोडणी-वाहतुकीचा करार करतानाच फिटनेसची तारीख पाहावी, उचल त्यानंतरच द्यावी. मालकांनीही मोळी पडायची वाट न पाहता दसऱ्याआधीच गाडी दाखवून घ्यावी.