एका खेळाडूचें दुसरें विद्यार्थिपण

मुलगा खेळांत रमला म्हणजे विद्येला मुकला, ही समजूत आपल्या घरांतून फार जुनी आहे. दिवेलागणीनंतर मैदानावरून परतणाऱ्या नातवाला 'अभ्यास कधीं होणार?' हा आजोबांचा प्रश्न ठरलेलाच. प्रश्न गैर नाहीं. पण खेळ आणि विद्या ह्या एकमेकींच्या सवती आहेत असें धरून तो विचारला जातो, तेव्हां आम्हांस ब्राझील देशांतील एका फुटबॉलपटूची आठवण होते.

एदुआर्दो गोन्साल्व्हिस द आंद्रादे ह्यांचा जन्म १९४७ सालीं बेलो होरिझोंते शहरांत झाला. लहानपणीं मोठ्या मुलांत खेळतांना चणीनें लहान, म्हणून 'तोस्तांव', म्हणजे एक हलकें नाणें, हें नांव पडलें तें कायमचेंच. पुढें त्या नाण्याची किंमत साऱ्या देशाला कळली. १९६६ सालीं ब्राझील-चषकाच्या अंतिम फेरींत त्यांच्या क्रुझेइरो संघानें पेले ह्यांच्या सांतोस संघाला ६-२ व ३-२ असें लागोपाठ दोनदां हरविलें. १९६९ सालीं जागतिक स्पर्धेच्या पात्रता-फेरींतील सहा सामन्यांत एकट्या तोस्तांव ह्यांनीं १० गोल केले.

त्याच वर्षीं एका सामन्यांत वेगानें आलेला चेंडू डाव्या डोळ्यावर बसला आणि आंतील नेत्रपटल सुटलें. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें शस्त्रक्रिया झाली. तरीहि १९७० सालीं मेक्सिकोंतील जागतिक स्पर्धेचे सहाहि सामने ते खेळले. पेरूविरुद्ध त्यांनीं दोन गोल केले. पण त्यांचा मोठेपणा गोलांनीं मोजतां येत नाहीं. इंग्लंडविरुद्ध त्यांनीं प्रतिपक्षाच्या खेळाडूंना चकवून डावीकडून चेंडू पेले ह्यांच्याकडे धाडला. पेले ह्यांनीं तो जैर्झिन्यो ह्यांना दिला, आणि सामन्यांतील एकुलता एक गोल झाला. गोल जैर्झिन्यो ह्यांच्या नांवावर लागला; वाट तोस्तांव ह्यांनीं काढून दिली होती. अंतिम सामन्यांत इटलीवर ४-१ असा विजय मिळाला. त्या विजयाचें पदक त्यांनीं आपल्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांस देऊन टाकलें.

१९७३ सालीं तोच डोळा पुन्हां कुरकुरूं लागला. खेळत राहिल्यास दृष्टि जाण्याचें भय होतें. वय अवघें २६, कीर्ति शिखरावर. तरी त्यांनीं खेळ सोडला आणि वैद्यकाच्या अभ्यासाला बसले. १९८१ सालीं पदवी घेतली, रुग्ण तपासले, विद्यार्थ्यांना शिकविलेंहि. फुटबॉलपासून बरींच वर्षें ते दूर राहिले. पुढें १९९० नंतरच्या दशकांत परतले ते समीक्षक व लेखक म्हणून.

ह्या चरित्रांत विद्येनें खेळावर मात केली, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. हजारोंचा जयघोष ऐकलेल्या माणसानें वह्या घेऊन नवशिक्या विद्यार्थ्यांत जाऊन बसणें सोपें नव्हे. त्याला लागणारी निरहंकारी वृत्ति मैदानावरच घडली असावी. कारण दुसऱ्यासाठीं वाट मोकळी करून देणें आणि गोलाचें श्रेय त्याला जाऊं देणें, हाच त्यांच्या खेळाचा प्राण होता.

म्हणून वडीलधाऱ्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: 'अभ्यास कधीं होणार?' हें मुलाला अवश्य विचारावें. पण त्याआधीं 'आज चेंडू कोणाला दिलास?' हेंहि विचारून पाहावें.