ब्रेकचे पॅड : पाकीट वाचा, बिल मागा



उन्हाळ कांदा निघाला की आपल्या देवळा तालुक्यातील पिकअप गाड्यांना उसंत नसते. चांदवडकडे जायचे तर भावडबारीचा घाट लागतो, उमराण्याहून आग्रा रोडने जावे तर राहुडचा घाट आहेच. भरलेली गाडी उतारावर थोपवायची ती ब्रेकनेच. म्हणून आज पिकाऐवजी ब्रेकच्या खरेदीविषयी चार गोष्टी सांगतो. घरच्या मोटारीलाही त्या तितक्याच लागू आहेत.

पुढच्या चाकांना बहुधा डिस्क व पॅड असतात, मागच्यांना ड्रम व लायनर. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे पुढचे पॅड लवकर झिजतात. नव्या पॅडवरचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. ब्रेक लावताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला तर तपासणी करा. खरखर ऐकू आली तर लोखंड डिस्कवर घासते आहे असे समजा व गाडी तशीच पुढे दामटू नका.

पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे मिळून चार बदलावेत. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

आता निवड. बियाण्याची पिशवी घेताना आपण कंपनी, लॉट नंबर आणि तारीख पाहतो. ब्रेकच्या पाकिटाची चौकशी त्याहून कमी करू नका. बियाणे फसले तर हंगाम जातो, ब्रेक फसला तर माणूस जातो. पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष व कमाल किंमत छापलेली हवी. भागाचा क्रमांक आपल्या गाडीच्या मॉडेलशी व सालाशी जुळवा. चारही पॅड सारख्या जाडीचे हवेत, तडा गेलेला किंवा पत्र्यापासून सुटू लागलेला नको. सुटा, बिननावाचा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

गाडीच्या कंपनीचेच पाकीट हवे असेही नाही. नामांकित ब्रेक उत्पादकांचे पॅड पुष्कळदा कमी किमतीत मिळतात. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. दोन दुकानांत भाव विचारणे हा आपला हक्क आहे.

पैशांचे बोलणे चाक खोलण्याआधी करा. पॅडची किंमत वेगळी व मजुरी वेगळी विचारा. समजा, पाकिटावर १,२०० रुपये छापले आहेत. त्यात सर्व कर आलेच, त्यावर पुन्हा कर लावता येत नाही. पुढच्या दोन्ही चाकांचे काम सरावाच्या मिस्त्रीचे सुमारे तासाभराचे असते, त्या मानाने मजुरी ठरवा. मात्र फार घासाघीसही करू नका, नाहीतर ती कसर मालातून भरून काढली जाते. डिस्क बदलावी लागेल असे सांगितले तर तिची जाडी मोजून दाखवायला सांगा. काम होताच जुने पॅड मागून घ्या व पाहा. खरेच झिजले होते की नाही ते कळेल.

बिल नाकारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. घरातील भगिनींनी हे बिल खताच्या पावत्यांबरोबर जपून ठेवावे.

नवे पॅड बसल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पायडल काही वेळा दाबून घट्ट लागते का ते पाहा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो जोराचे ब्रेक टाळा व भरलेली गाडी लगेच घाटात घालू नका. आणि उतारावर सदैव खालच्या गिअरमध्येच उतरा. उत्तम पॅडही सतत दाबून धरले तर तापतात आणि ऐनवेळी दगा देतात.