अफवेचे नवे वाहन

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजारादिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली ही माणसे मुले पळविणाऱ्या टोळीतील असावीत, एवढा संशय त्यांचे प्राण घेण्यास पुरेसा ठरला. ग्रामपंचायतीच्या कचेरीत त्यांना कोंडून ही मारहाण झाली. ज्या वास्तूने रंजल्यागांजल्यांना आसरा द्यावा, तीच वधस्थान बनली. त्याआधी कित्येक दिवस त्या भागातील मोबाइलवर मुले पळविणाऱ्यांविषयीचे संदेश फिरत होते. या घटनेस काही वर्षे लोटली. तथापि तिने उभा केलेला प्रश्न जुना झालेला नाही. यंत्र समाजाला घडविते की बिघडविते, आणि हे तपासण्याचे काम कोणाचे?

अफवा ही काही मोबाइलची निर्मिती नव्हे. पुलाच्या पायाला बळी लागतो म्हणून मुले धरून नेतात, ही भीती आमच्या आज्यांच्या काळातही होती. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर आणि देशाबाहेरही पोहोचली, ती घरोघरच्या टेलिफोनवरून व तोंडोतोंडी. परंतु त्या वेळी टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाचा आवाज ओळखीचा होता. ‘तू स्वतः पाहिलेस काय?’ असे त्याला विचारता येत होते. ज्याला शंका होती त्याला चमचाभर दूध घेऊन देवळात जाता येत होते, आणि द्रवाच्या पृष्ठताणाचे कारण सांगणारे शास्त्रज्ञही लगेच पुढे आले होते. तेथे श्रद्धेला आणि शंकेला, दोघींनाही वाव होता.

व्हॉट्सॲपवरून पुढे ढकललेल्या संदेशाची जातकुळी निराळी आहे. त्याचा मूळ कर्ता कोण, हे कोणासच ठाऊक नसते. पाठविणारा मात्र मामा असतो, शेजारी असतो, नाहीतर गावच्या शाळेतील गुरुजी असतात. मजकूर परक्याचा आणि त्यावरचा विश्वास मात्र आप्ताचा, असा हा विचित्र व्यवहार आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर फिरलेली एक चित्रफीत याचे बोलके उदाहरण होय. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. वास्तविक ती कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकजागृती करण्यासाठी तयार केलेली होती, आणि तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडले जाते. कोणीतरी तो शेवट कापला. पालकांना सावध करण्यासाठी केलेले चित्र अशा रीतीने निरपराध्यांच्या जिवावर उठले.

सरकारचा आणि जनतेचा रोष ओढवल्यावर त्या कंपनीने जुलै २०१८ मध्ये भारतीय वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन लोकांना सावधगिरीचे धडे दिले. एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये, असा निर्बंध तिने भारतात घातला. २०१९ मध्ये तो जगभर लागू केला आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या संदेशांसाठी तो एकावर आणला. हे उपाय योग्यच होते. परंतु त्यांनी अफवेची चाल मंदावते, तिची भूक शमत नाही.

ही भूक कोठून येते? ‘अडाणी खेडूत, दुसरे काय!’ असे म्हणून शहरी सुशिक्षित मोकळे होतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील शकुंतला बनाजी व राम भट यांनी सहकाऱ्यांसह भारतात फिरून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ मोबाइलविषयीचे अज्ञान हे या हिंसेचे मूळ नसून परक्याविषयी, अन्य जातिधर्मीयांविषयी आधीच मनात मुरलेले पूर्वग्रह अशा संदेशांना खतपाणी घालतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. तो आम्हांस पटतो. भटक्या जमातींवर इंग्रजी अमदानीत, १८७१ च्या कायद्याने, जन्मजात गुन्हेगारीचा जो शिक्का मारला गेला, तो कायदा गेला तरी मनांवरून पुसला गेलेला नाही. मोबाइलने त्या जुन्या संशयाला नवे वाहन दिले, इतकेच.

तरीही सर्व भार यंत्रावर अथवा परंपरेवर टाकून चालणार नाही. त्याच सुमारास मालेगावात हीच अफवा, असाच जमाव आणि लहान मुलासह एक परके कुटुंब अशी गाठ पडली होती. तेथील एका रहिवाशाने त्या कुटुंबाला आपल्या घरात घेतले, पोलीस येईपर्यंत सांभाळले आणि ते वाचले. वाहन तेच, अफवाही तीच. मध्ये एक माणूस उभा राहिला.

गोमंतकाला यंत्राची शक्ती अपरिचित नाही. लग्नपत्रिकादेखील सेन्सॉरच्या संमतीवाचून छापता येत नसे, त्या काळात नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडच्या जंगलातून भूमिगत नभोवाणी चालविली. मुक्तीपर्यंत तिने पोर्तुगीज प्रचाराचा फोलपणा उघड केला. तेथेही ध्वनी हवेतूनच येत होता. पण उच्चारलेल्या प्रत्येक शब्दामागे बोलणाराने आपले तारुण्य पणाला लावलेले होते. आज अंगठ्याच्या एका स्पर्शाने संदेश पुढे सरकतो आणि पाठविणाऱ्याला त्याची कवडीचीही किंमत मोजावी लागत नाही. अंतर पडले आहे ते येथे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, या विषयाचा अभ्यास लंडनवर सोपवून आपण स्वस्थ बसू नये. आपल्या विद्यापीठांतील समाजशास्त्राच्या आणि भाषांच्या विभागांनी विद्यार्थ्यांना वाड्यावाड्यांवर पाठवावे. कोणता संदेश कोणाकडून आला, कोणी तो खरा मानला व का, आणि मुख्य म्हणजे कोणी तो थांबविला, याची नोंद मराठीत व कोंकणीत व्हावी. हे संदेश बंद गटांतून फिरतात. बाहेरच्यास ते वाचता येत नाहीत. ते उलगडायचे तर लोकांनीच विश्वासाने सांगितले पाहिजेत, आणि लोक मन मोकळे करतात ते आपल्या भाषेत. शाळांनीही निबंधाबरोबर ‘हे कोणी सांगितले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावावी. बातमी प्रथम देण्याच्या चढाओढीत पडताळणी विसरणाऱ्या आम्हा वृत्तपत्रवाल्यांनाही ही शिकवणी आवश्यक आहे.

राईनपाड्यात त्या दिवशी बाजारात शेकडो माणसे होती. अमक्याचे मूल हरवले, असे त्यांतील कोणालाही सांगता आले नसते. पण ‘कोणाचे मूल?’ हे विचारण्याइतकी उसंत जमावाने घेतली नाही. तेवढा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर पाच घरांतील कर्ते पुरुष संध्याकाळी आपल्या पालांवर परतले असते.